मॉरिशस: प्रवाळाच्या आडोशाचा किनारा

मॉरिशस हे हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागातले, ज्वालामुखीच्या उद्रेकांतून समुद्रावर आलेले बेट आहे. त्याची लांबी सुमारे ६५ किलोमीटर, रुंदी ४५ किलोमीटर आणि क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर आहे. गोव्याच्या जवळजवळ निम्मे. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर, तर मॉरिशस दक्षिणेला २० अंशांवर. म्हणून ऊस, आंबा, नारळ, सुरू ही सगळी झाडे ओळखीची, मात्र ऋतू उलटे. मुंबईहून थेट विमान सहा-सात तासांत पोचते, घड्याळ दीड तास मागे घ्यावे लागते, भारतीय पर्यटकाला आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही आणि वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालतात. आजी-आजोबांपासून तान्ह्या मुलापर्यंत सगळे घर घेऊन निघणाऱ्यांना या गोष्टी सोयीच्या आहेतच. पण सहकुटुंब सुटीसाठी हे बेट इतके उत्तम का, याचे कारण हॉटेलांत नाही, विमानाच्या वेळापत्रकातही नाही. ते किनाऱ्यापासून थोडे आत, पाण्याखाली आहे.

तिथे प्रवाळाची भिंत आहे. सुमारे १५० किलोमीटर लांबीच्या या भिंतीने, दक्षिणेचा काही भाग आणि मधली खिंडारे सोडता, जवळजवळ सगळे बेट वेढले आहे. खोल समुद्रातून येणारी लाट तिच्यावर आपटते आणि तिथेच मोडते. पुळणीवर उभे राहिले की क्षितिजाच्या अलीकडे फेसाची पांढरी रेघ दिसते, वारा पडलेला असेल तर तिचा घुमारा ऐकू येतो. आणि त्या रेघेच्या अलीकडचे पाणी तळ्यासारखे निवांत असते. या उथळ पाण्याला लगून म्हणतात. काही ठिकाणी ते शेदोनशे मीटर रुंद आहे, तर पूर्वेला आणि आग्नेयेला काही किलोमीटर. बऱ्याच जागी गुडघ्याएवढ्या किंवा कमरेएवढ्या पाण्यात बरेच अंतर चालत जाता येते. भरती-ओहोटीतला फरकही एक मीटरच्या आतला. मुंबईच्या किनाऱ्यावर चार-पाच मीटरांचा चढउतार पाहिलेल्या माणसाला इथला समुद्र दिवसभर एकाच जागी थांबल्यासारखा वाटतो.

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यावर तो पोसला जातो. म्हणून त्याला उबदार, खारे आणि स्वच्छ पाणी लागते. गोडे पाणी आणि गाळ त्याला मानवत नाहीत. जिथे नदी समुद्राला मिळते तिथे भिंतीला खिंडार राहते. बेटाचा नकाशा या एका नियमाने वाचता येतो. खिंडार असेल तिथून जहाज आत येऊ शकते, म्हणून तिथे बंदर झाले; अखंड भिंत असेल तिथे पुळण शांत राहिली, म्हणून तिथे पुढे हॉटेले आली. बेटाचा मूळ खडक काळा बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीसारखाच. तरीही वाळू पांढरी आहे, कारण ती त्या खडकाची नाहीच. लाटांनी आणि माशांनी कुरतडलेल्या प्रवाळाचा आणि शिंपल्यांचा तो चुरा आहे. चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजातून १८३६च्या एप्रिल-मे महिन्यांत इथे आला होता. प्रवाळभिंतींवरच्या त्याच्या १८४२च्या ग्रंथात किनाऱ्यालगतच्या भिंतीचे उदाहरण म्हणून मॉरिशसचे वर्णन आहे.

लहान मुलांना आणि पाण्याची धास्ती असलेल्या वडीलधाऱ्यांना एकाच पाण्यात, एकाच वेळी निर्धास्त बसता येणे ही कोकणच्या उघड्या किनाऱ्यावर सहसा न मिळणारी गोष्ट आहे. तरी काही पथ्ये पाळावीच लागतात. खिंडारांजवळ लगूनचे पाणी बाहेर खेचले जाते आणि तिथली ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही. पोहण्याच्या जागा तरंगत्या खुणांनी आखलेल्या असतात, त्यांच्या आतच राहावे. तळाशी काटेरी समुद्री अर्चिन असतात आणि क्वचित दगडासारखा दिसणारा विषारी दगडमासाही, म्हणून मुलांच्या पायांत रबरी तळव्यांचे पाण्यातले बूट हवेतच. प्रवाळावर उभे राहणे हा मात्र पायापेक्षा प्रवाळाला होणारा अपघात आहे. बोटभर वाढायला त्याला वर्षे लागतात.

कोणत्या महिन्यात कोणत्या किनाऱ्यावर उतरावे, हे वारा ठरवतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा उन्हाळा. त्या दिवसांत किनाऱ्यावर पारा ३० अंशांच्या आसपास, हवा दमट, आणि पाणी २७-२८ अंशांचे. मे ते ऑक्टोबर हा हिवाळा, पण त्याला हिवाळा म्हणणे महाराष्ट्राच्या माणसाला जड जाईल. दुपारी २४-२५ अंश, संध्याकाळी पातळ स्वेटर पुरतो, आणि पाणी २२-२३ अंशांपर्यंत उतरते. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे वर्षभर वाहतात आणि जून ते सप्टेंबरमध्ये जोर धरतात. तेव्हा पूर्व किनाऱ्यावर वाळू अंगाला बोचते, तर मधल्या डोंगरांच्या आडोशाला असलेला पश्चिम किनारा शांत आणि कोरडा असतो. मे महिन्याच्या सुटीत जाणाऱ्यांनी पश्चिमेला किंवा उत्तरेला मुक्काम करावा. दिवाळीच्या सुटीत कोणतीही बाजू चालते. वारा मंदावलेला, पाऊस कमी, पाणी तापू लागलेले, असा तो सर्वांत चांगला काळ आहे. नाताळात गर्दी आणि दर दोन्ही चढतात. जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे महिने. १९६०चे ‘कॅरोल’ आणि १९७५चे ‘जर्वेझ’ ही वादळे तिथले वृद्ध अजून सांगतात, आणि जानेवारी २०२४मध्ये ‘बेलाल’ वादळाच्या पावसाने राजधानीच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या.

उन्हाबद्दल एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दुपारी अगदी डोक्यावर असतो, आणि उरलेल्या वर्षातला बहुतेक काळ तो उत्तरेकडून तळपतो. दक्षिणेकडे तोंड असलेली खोली थंड आणि उत्तरेकडची उन्हाची, हा हिशेब आपल्या सवयीच्या उलट आहे. समुद्राच्या वाऱ्यामुळे कातडी भाजतेय हे कळत नाही. मुलांना अकरा ते तीन सावलीत ठेवावे, आणि पाण्यात लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे घालावेत. क्रीमपेक्षा ते अधिक राखतात आणि प्रवाळालाही त्यांचा उपद्रव नाही.

विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे आणि बहुतेक प्रवासी तिथून थेट उत्तरेच्या किंवा पश्चिमेच्या हॉटेलांकडे निघून जातात. पण विमानतळाच्या अगदी जवळचे माएबूर गाव आणि त्याच्या समोरचा उपसागर हा बेटाच्या इतिहासाचा सर्वांत जुना भाग आहे. डच खलाशी १५९८ साली याच उपसागरात उतरले, आणि राजपुत्र मॉरिट्स याचे नाव त्यांनी बेटाला दिले. १६३८मध्ये त्यांनी वसाहत केली, १७१०मध्ये ती सोडून ते निघून गेले. जगात फक्त याच बेटावर राहणारा, उडता न येणारा डोडो पक्षी सतराव्या शतकातच संपला. माणसाने, त्याच्या डुकरांनी आणि जहाजांतून आलेल्या उंदरांनी त्याचा फडशा पाडला. १७१५मध्ये फ्रेंच आले आणि बेटाला ‘इल द फ्रान्स’ म्हणू लागले.

ऑगस्ट १८१०मध्ये याच उपसागरात फ्रेंच आणि इंग्रज आरमारांची ग्रां पोरची लढाई झाली. २० ते २७ ऑगस्ट अशी ती चालली आणि तिचा निकाल तोफांइतकाच प्रवाळाने लावला. खिंडारातून आत शिरताना इंग्रजांची जहाजे पाण्याखालच्या खडकांवर रुतली. चारांपैकी दोन फ्रिगेट त्यांनी स्वतःच पेटवून दिल्या, उरलेल्या दोन फ्रेंचांच्या हाती गेल्या. नेपोलियनच्या काळातला हा फ्रान्सचा दुर्मीळ सागरी विजय. पॅरिसच्या विजयकमानीवर ग्रां पोरचे नाव कोरलेले आहे. लढाईत जखमी झालेल्या दोन्ही बाजूंच्या सेनापतींवर माएबूरच्या एकाच घरात उपचार झाले. ते घर आता राष्ट्रीय इतिहास संग्रहालय आहे. मुलांना तिथे अवश्य न्यावे. शत्रू एकाच छपराखाली पडून होते ही गोष्ट त्यांच्या लक्षात राहते.

माएबूरच्या दक्षिणेला ब्लू बे हे संरक्षित सागरी उद्यान आहे. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहण्यासाठी बेटावर याहून चांगली जागा नाही, आणि ज्यांना पोहता येत नाही त्यांच्यासाठी तर ती सर्वांत सोपी रीत आहे. अलीकडच्या दशकांत समुद्राचे पाणी प्रमाणाबाहेर तापून प्रवाळ पांढरे पडण्याचे प्रसंग इथेही वारंवार आले. शैवाले सोडून गेली की प्रवाळ उपाशी पडतो, आणि उष्णता टिकली तर मरतो. होडीच्या काचेतून जिवंत आणि मेलेला प्रवाळ शेजारीशेजारी दिसतो. जवळच्या प्वांत देस्नीसमोर २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचे मालवाहू जहाज प्रवाळभिंतीवर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे १,००० टन इंधन तेल लगूनमध्ये सांडले. त्या वेळी हजारो लोक घराबाहेर पडले. उसाचे पाचट कापडी पिशव्यांत भरून त्यांनी तेल अडवणारे तरंगते बांध शिवले, आणि केस तेल शोषतात म्हणून लोकांनी आपले केस कापून दिले. ही बेटाच्या अलीकडच्या इतिहासातली अभिमानाची घटना आहे. त्याच पाण्यातल्या इल ओ एग्रेत या छोट्या बेटावर मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने मूळचे एबनी जंगल पुन्हा उभे केले आहे. तिथे गुलाबी कबुतर दिसते. १९९०च्या सुमारास या जातीचे जेमतेम दहाएक पक्षी रानात उरले होते. मॉरिशसचा ससाणा तर १९७४मध्ये चारांवर आला होता. आज दोन्ही जाती शेकड्यांत आहेत. डोडो गमावलेल्या बेटावर हे पाहणे मोलाचे वाटते.

पूर्वेची बाजू ही लांब पुळणींची. बेल मारची वाळू सकाळी चालायला फार सुंदर, सूर्योदय समोर. त्रू दो दूस गावातून इल ओ सेर्फला होड्या जातात. तिथले पाणी निळे-हिरवे आणि पारदर्शक आहे, पण दहानंतर गर्दी इतकी होते की लवकर गेलेल्यालाच ते बेट दिसते. ईशान्येच्या भिंतीवर १७४४च्या ऑगस्टमध्ये ‘सें-जेरां’ हे फ्रेंच जहाज फुटले. फार थोडे लोक वाचले. बेर्नार्दां द सें-पिएर या लेखकाने १७८८मध्ये त्या दुर्घटनेभोवती ‘पोल आणि व्हिर्जिनी’ ही कादंबरी लिहिली आणि बेटाचे नाव युरोपात घरोघरी पोचले. पुळणीवरून पाहणाऱ्याला जी भिंत आसरा वाटते, तीच रात्रीच्या अंधारात बाहेरून येणाऱ्या जहाजाचा काळ होती.

उत्तर टोकाला काप मालेरू. लाल छपराचे छोटे चर्च, मागे समुद्र आणि समोर उभ्या कड्याचे कोयन द मीर बेट. फोटोंत सर्वांत जास्त दिसणारी ही जागा. ग्रां पोरला हरल्यावर इंग्रज इथूनच आले. उत्तरेकडचा प्रवाळ मोठ्या ताफ्याला आत येऊ देणार नाही, असा समज होता. इंग्रजांनी आधी गुपचूप पाण्याची खोली मोजून वाट शोधली आणि २९ नोव्हेंबर १८१० रोजी हजारो सैनिक उतरवले. त्यांत मुंबई, मद्रास आणि बंगालहून आलेल्या फौजा होत्या. ३ डिसेंबरला फ्रेंचांनी शरणागती पत्करली. बेट इंग्रजांचे झाले, पण भाषा, कायदे आणि चालीरीती राखण्याचे वचन मिळाल्यामुळे फ्रेंच तिथे टिकली. म्हणून आजही कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्रांत फ्रेंच आणि रस्त्यावर क्रिओल ऐकू येते. काप मालेरूपासून जवळच ग्रां बेचा बाजार, दुकाने आणि रात्रीची वर्दळ. लहान मुले बरोबर असतील तर पेरेबेर किंवा त्रू ओ बीश बरे. तिथे पाणी उथळ आणि सावली भरपूर.

उत्तरेतून राजधानीकडे येताना पांप्लमूसची वनस्पतिबाग लागते. फ्रेंच प्रशासक प्येर प्वाव्र याने १७७०च्या सुमारास लवंग, जायफळ अशी मसाल्याची रोपे इथे रुजवली, कारण त्या व्यापारावरची डचांची मक्तेदारी त्याला मोडायची होती. तळ्यातली अमेझॉनची प्रचंड कमळपाने, काठ वर वळलेली, मुलांना खिळवून ठेवतात. तालिपोत माड अनेक दशकांनी एकदाच फुलतो आणि फळे धरून मरतो.

राजधानी पोर्ट लुईला बहुतेक सहली एखादा तास देतात. तिला अख्खा दिवस द्यावा. बंदराच्या काठी आप्रवासी घाट आहे, आणि भारतीय कुटुंबाला या देशात पाहण्यासारखी त्याहून मोठी जागा नाही. १ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावर गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘ॲटलस’ जहाजातून करारबद्ध भारतीय मजुरांची पहिली तुकडी इथे उतरली होती. ती ३६ जणांची होती. त्यानंतर १९२०पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे या बंदरातून आली. काही पुढे इतर वसाहतींत गेली, बहुतेक इथेच राहिली. करार पाच वर्षांचा, पुरुषाचा पगार महिना पाच रुपये. एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. घाटावरच्या सोळा दगडी पायऱ्या अजून शाबूत आहेत. जहाजातून उतरलेल्यांचे बेटावरचे पहिले पाऊल त्यांवर पडे. शेजारच्या खोल्या, न्हाणीघरे आणि दवाखान्याच्या भिंती जपून ठेवल्या आहेत. २००६मध्ये युनेस्कोने हा घाट जागतिक वारसा म्हणून घोषित केला.

या मजुरांत मराठी माणसेही होती. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतून ती मुंबई बंदरात आली आणि तिथून जहाजात चढली. आज त्यांचे वंशज लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास आहेत. वाक्वा परिसरात आणि पश्चिमेच्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात त्यांची वस्ती अधिक आहे. आलेल्या पूर्वजाचे पहिले नाव कचेरीतल्या कारकुनाने आडनाव म्हणून लिहून घेतले, म्हणून त्यांची आडनावे ऐकून मूळ गाव कळत नाही. घरी क्रिओल बोलणारी ही मुले शाळेत मराठी शिकतात. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठीचे उच्च शिक्षण आहे, आणि करारबद्ध मजुरांच्या नोंदवह्या आणि छायाचित्रेही तिथेच जपली आहेत. गणेशचतुर्थी ही देशाची सार्वजनिक सुटी आहे. त्या दिवसांत बेटावर असलेल्या मराठी कुटुंबाने विसर्जनाची मिरवणूक चुकवू नये; कोकणातल्या जाखडीशी नाते सांगणारा नाच तिथे अजून होतो. २०२३ साली तिथल्या महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. पाच-सहा पिढ्या मूळ गावाशी संपर्क नसताना एका छोट्या समाजाने देव, सण आणि लिपी टिकवली, हे मनापासून आदर वाटावा असे काम आहे. पाहुण्याने तिथल्या मराठीच्या उच्चारांतल्या चुका काढत बसू नये.

बंदराजवळच्या ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ची दोन टपाल तिकिटे आहेत, एक नारिंगी-तांबडे आणि एक निळे, जगातल्या सर्वांत दुर्मीळ तिकिटांपैकी. प्रकाशाने रंग उडू नये म्हणून अस्सल तिकिटांवर ठरावीक वेळीच थोडा वेळ दिवा लावतात, तेव्हा जाण्याआधी ती वेळ विचारावी. मग मध्यवर्ती बाजार आणि त्याच्या आसपासचे खाणे. ढोल पुरी हे देशाचे लाडके खाणे: डाळ शिजवून, वाटून, पिठाच्या गोळ्यात भरून लाटलेली पातळ पोळी. पुरणपोळीची बहीण, मात्र गोडाविना. तव्यावरच्या दोन पुऱ्या एकात एक ठेवून त्यांत मोठ्या पावट्यासारख्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा रूगाय आणि मिरचीची चटणी घालून कागदात गुंडाळून देतात. गातो पिमा म्हणजे आपले डाळीचे वडे. सब्जा घातलेले थंड दूध, आलुदा, हे फालुद्याचे भावंड. शाकाहारी कुटुंबाचे हाल होतील ही भीती या बेटावर अनाठायी आहे; हाल झालेच तर हॉटेलच्या चार भिंतींत बसून राहिल्यामुळे होतात. मासे खाणाऱ्यांनी मोहरी-हळदीचे विंदाय मागावे. गोव्याच्या विंदालूचे आणि त्याचे मूळ एकच, पोर्तुगीज.

राजधानीपासून दक्षिणेकडे पश्चिम किनारा सुरू होतो. फ्लिक आं फ्लाकची पुळण लांब, मागे सुरूचे बन. सहकुटुंब सुटी म्हणजे काय हे पाहायचे असेल तर रविवारी इथे यावे. मॉरिशसची कुटुंबे सकाळीच पातेली, चटया आणि आजींसाठी खुर्च्या घेऊन येतात, झाडांना ताडपत्री बांधतात आणि दिवसभर राहतात. भरतीच्या रेषेखालची वाळू देशभर सार्वजनिक आहे आणि किनाऱ्यालगतचा सुमारे ८१ मीटरांचा पट्टा मुळात सरकारी मालकीचा, हॉटेलांना तो भाडेपट्ट्याने दिलेला असतो; म्हणून हॉटेलसमोरच्या पाण्यातही कोणालाही उतरता येते. दुपार कलली की कोणीतरी राव्हान काढते. हे बकऱ्याच्या कातड्याचे मोठे डफ. कातडे ताणले जावे म्हणून ते आगीवर शेकतात. मग सेगा सुरू होतो. मळ्यांवरच्या आफ्रिकी गुलामांनी जन्माला घातलेला हा नाच, पाय वाळूवरून फारसे न उचलता नाचायचा. २०१४मध्ये युनेस्कोने त्याची वारसा म्हणून नोंद केली. हॉटेलात पाहुण्यांसाठी होतो तो झगमगीत सेगा वेगळा आणि सुरूच्या बनातला वेगळा.

तामारें खाडीत सकाळी डॉल्फिन येतात. रात्री खोल समुद्रात शिकार करून ते विश्रांतीसाठी उथळ पाण्यात शिरतात, आणि नेमके तेव्हाच त्यांच्याभोवती होड्यांचा गराडा पडतो. जायचेच असेल तर अंतर राखणारा, पाहुण्यांना त्यांच्या वाटेत उड्या मारायला न लावणारा नावाडी निवडावा.

नैर्ऋत्य कोपऱ्यात ल मोर्न हा ५५६ मीटरांचा एकटा डोंगर समुद्रात घुसला आहे. मळ्यांवरून पळालेले गुलाम त्याच्या उभ्या कड्यांवर लपून राहत. गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई डोंगर चढू लागले, तेव्हा ते पकडायलाच आले आहेत असे वाटून अनेकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी आठवण तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. २००८पासून हा डोंगर जागतिक वारसा आहे. गुलामगिरी संपल्याचा १ फेब्रुवारी आणि मजुरांची पहिली तुकडी उतरल्याचा २ नोव्हेंबर, या दोन्ही दिवशी देशाला सुटी असते. पायथ्याची पुळण बेटावरच्या सर्वांत देखण्या पुळणींपैकी आहे; तिच्या बाहेरचा वारा पतंगाच्या जोरावर लाटांवर धावणाऱ्या खेळाडूंसाठी, आतले पाणी मुलांसाठी.

ल मोर्नहून आत वळले की रस्ता चढू लागतो. मधल्या पठारावर किनाऱ्यापेक्षा चार-पाच अंशांनी थंड असते आणि पाऊस केव्हाही येतो, तेव्हा छत्री घ्यावी. शामारेलची सात रंगांची माती आणि जवळचा धबधबा अर्ध्या दिवसात होतात. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात देशाचे सर्वोच्च शिखर, ८२८ मीटरांचे, आहे. पुढे गंगा तलाव, ज्वालामुखीच्या विवरातले तळे. महाशिवरात्रीला लाखो भाविक पांढऱ्या कपड्यांत, खांद्यावर सजवलेल्या कावडी घेऊन बेटाच्या कानाकोपऱ्यांतून इथे चालत येतात. त्या आठवड्यात पठारावरचे रस्ते भरलेले असतात; मोटारीने फिरायचे बेत तेव्हा ठेवू नयेत.

पठारावरून दक्षिणेला उतरले की सुयाक गाव आणि ग्री-ग्रीचा कडा येतो. इथे प्रवाळभिंत नाही. दक्षिण महासागरातून कशालाही न अडता आलेली लाट सरळ काळ्या बेसाल्टवर फुटते, आणि खडकाला पोखरून तिने गुहा आणि कमानी कोरल्या आहेत. पोहायला सक्त मनाई आहे आणि ती मोडू नये. वर हिरवळ, बाके आणि खाण्याच्या गाड्या आहेत, वयस्कर माणसांना निवांत बसता येते, आणि मुलांना आठवडाभर खेळलेल्या शांत पाण्यापलीकडचा समुद्र कसा असतो ते इथे दिसते. सुयाकहून विमानतळ मोटारीने तासाभराच्या आत येतो. रात्रीचे विमान असेल तर दक्षिण किनारा शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवणे सर्वांत सोयीचे.